सिंहराजाच्या रानात दोघं

श्रीलंका म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकींना आठवतं ते अशोकवन आणि रावण. मुलांना आठवतं क्रिकेट. सहलीच्या कंपन्यांची पत्रकं चाळलीत तर कँडीचं दंतमंदिर, नुवारा एलियाचे चहाचे मळे, सिगिरियाचा खडक आणि दक्षिणेचे समुद्रकिनारे एवढं त्यांत हमखास असतं. ही ठिकाणं पाहण्यासारखी आहेतच. पण या बेटाच्या नैर्ऋत्य भागात एक जुनं, ओलं, दाट रान अजून शिल्लक आहे, त्याचं नाव या पत्रकांत क्वचितच दिसतं. हे रान म्हणजे सिंहराज. आठ-दहा दिवसांच्या सहलीतला एक दिवस या रानाला द्यावा आणि तो पायी चालावा, असं मी आता ओळखीच्या सगळ्यांना सांगते. वाट सोपी नाही. चढ आहे, निसरडं आहे, जळवा आहेत आणि पाऊस कधीही येतो. तरीही सांगते.

आम्ही दोघं गेल्या फेब्रुवारीत जाऊन आलो. मी छप्पन्न वर्षांची आणि हे एकसष्ट. आमच्यापैकी कोणीही गिर्यारोहक वगैरे नाही. मी पर्वतीच्या पायऱ्या चढते तेवढंच.

सह्याद्रीचं भावंड

मुंबईहून कोलंबो विमानाने जेमतेम अडीच तास. तिथून मोटारीने रत्नपुरा, पुढे कलवाना, वेद्दागला आणि शेवटी कुडवा नावाचं छोटं गाव. रत्नपुरा नावाप्रमाणेच रत्नांचं गाव आहे. भातशेतांच्या कडेला खड्डे खणून नीलम आणि पुष्कराज शोधणारी माणसं अजून दिसतात. कलवान्यानंतर रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना चहाचे लहान लहान तुकडे, रबराची झाडं, परसात फणस आणि सुपारी. मोटारीची काच खाली केली आणि मला थेट दापोलीला, माहेरी गेल्यासारखंच वाटलं. तोच ओल्या मातीचा वास, तीच लाल माती.

हे वाटणं काही अगदीच मनाचे खेळ नव्हते. आपला सह्याद्री आणि श्रीलंका हे शास्त्रज्ञांच्या हिशेबी जीवसृष्टीचं एकच मोठं दालन आहे. हिमयुगांत समुद्राची पातळी खाली जायची तेव्हा हे बेट भारताला जमिनीने जोडलेलं असे. त्यामुळे झाडं-प्राण्यांची नातीगोती दोन्हीकडे सापडतात. मग समुद्र मध्ये आला आणि दोन्ही घरं आपापल्या पद्धतीने वाढली. सिंहराजातल्या साठ टक्क्यांहून अधिक वृक्षजाती जगात फक्त श्रीलंकेतच आढळतात.

रान तसं आकाराने फार मोठं नाही. पूर्व-पश्चिम सुमारे २१ किलोमीटर लांब आणि रुंदीला कुठेही सातहून जास्त नाही. क्षेत्रफळ नव्वद चौरस किलोमीटरच्याही आत. १९८८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. आपल्या पश्चिम घाटाला, म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांच्यासकट, तोच मान २०१२ मध्ये मिळाला. भावंडांत थोरलं-धाकटं असतंच.

हे रान आज उभं आहे यामागेही एक कथा आहे. १९७० नंतरच्या दशकात प्लायवूडसाठी इथली झाडं यंत्रांनी तोडायला सुरुवात झाली होती. लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि १९७७ साली तोड थांबली. लाकडाचे ट्रक जाण्यासाठी जो रस्ता केला होता, त्याच रस्त्यावरून आज आपण रान पाहायला चालत जातो. कडेची झाडं तुलनेने तरुण आहेत, आत गेलं की म्हातारी झाडं भेटतात.

निघण्यापूर्वी

आता थोडं आमच्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दोन वर्षांपूर्वी यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला. आजार मोठा, पण वेळेवर उपचार झाले, हे सुखरूप घरी आले. तेव्हापासून आमच्या घराचं रूप बदललं. मीठ चमच्याने मोजलं जाऊ लागलं. हे जिना चढू लागले की मी मागे, यांचा श्वास मोजत. रात्री जाग आली की आधी अंधारात हात पुढे करून बघायचं. हे चिडायचे, म्हणायचे, "अगं, मी काही काचेचं भांडं नाही." मी म्हणायची, "नाही ना, मग गोळी घेतलीत का ते सांगा." अशी आमची संभाषणं. शेवटी मुलगीच एकदा म्हणाली, "आई, तुम्ही दोघं आता एकमेकांशी फक्त औषधांबद्दल बोलता."

सिंहराजाची कल्पना यांची. कुठल्याशा पुस्तकात फोटो पाहिला होता. मी सरळ डॉक्टरांकडे घेऊन गेले, म्हटलं तेच नाही म्हणतील. त्यांनी यांना चालत्या पट्ट्यावर चालवलं, तपासण्या केल्या आणि चक्क होकार दिला. अटी मात्र घातल्या. जिभेखालची गोळी खिशात हवी. छातीत दडपण आलं, गार घाम फुटला, तर तिथेच थांबायचं. आणि चढावर इतक्याच वेगाने चालायचं की चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलताना दम लागला की वेग जास्त झाला असं समजायचं. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, तेव्हा जळू चावली तर रक्त जास्त वेळ वाहील, घाबरू नका, दाबून धरा, हेही त्यांनीच सांगितलं.

नंतरचे तीन महिने आम्ही रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर जात होतो. तयारी म्हणून एवढंच.

वाट

कुडव्याच्या वनखात्याच्या कचेरीत तिकीट काढायचं आणि वाटाड्या बरोबर घ्यायचा, असा नियम आहे. आमचा वाटाड्या शेजारच्याच गावचा, तिशीतला, पायांत साधी रबरी चप्पल. आमचे नवे कोरे बूट पाहून तो गालातल्या गालात हसला. त्याने आधी आम्हाला जळवांचे मोजे चढवायला लावले. हे जाड कापडाचे, गुडघ्यापर्यंतचे मोजे, विजारीवरून घालून वर नाडी आवळायची. मग त्यांवर ओल्या साबणाची वडी घासली. सिंहली भाषेत जळूला 'कुडॅल्ला' म्हणतात, हा आमचा तिथला पहिला शब्द. दुसरा 'हेमिन', म्हणजे सावकाश. तो दिवसभरात आम्ही शंभर वेळा ऐकला.

सात वाजता निघालो. पहिले दोन-अडीच किलोमीटर जुन्या लाकूडवाटेने, बरंचसं सपाट. फेब्रुवारी म्हणजे तिथला त्यातल्या त्यात कोरडा महिना, पण कोरडा हा शब्द त्या रानाला शोभत नाही. वर्षाला साडेतीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, कधी पाच हजारांपर्यंत. पानांची टोकं पहा, वाटाड्या म्हणाला. बहुतेक झाडांच्या पानांना शेवटी लांब निमुळतं टोक होतं, पन्हाळीसारखं. पाणी पानावर साचू नये, चटकन ओघळून जावं, म्हणून ही सोय. साचलं तर पानावर शेवाळ धरतं आणि ऊन मिळेनासं होतं. उन्हाची तिथे भारी टंचाई. चाळीस मीटर उंचीचं छप्पर डोक्यावर, खाली सकाळी आठालाही दिवेलागणीचा उजेड.

आणि मग मला ओळखीची मंडळी भेटायला लागली. माशाच्या शेपटीसारखी पानं असलेला एक माड दिसला. मी म्हटलं, हा तर आमचा भेरली माड! आमच्याकडे याची पानं मांडवाला, तोरणाला बांधतात. तिथे त्याला 'कितुल' म्हणतात आणि त्याच्या फुलोऱ्याचा रस आटवून काकवी आणि गूळ करतात. रानाकाठच्या कितीतरी घरांची चूल त्यावर चालते. पुढे एका झाडाची फळं पाहून थांबले. हा 'गोरका', आपल्या कोकमाचा सख्खा चुलतभाऊ. फोडी वाळवून काळ्या करतात आणि माशाच्या आंबट कालवणात घालतात. त्या आंबटपणामुळे ते कालवण दोन-तीन दिवस टिकतं. नागचाफा तर जागोजागी. त्यांचा 'ना' वृक्ष, श्रीलंकेचा राष्ट्रीय वृक्ष. आपल्या गोड्या मसाल्यातलं नागकेशर ज्याचं म्हणतात तोच हा. कोवळी पालवी लालबुंद, जणू झाडाला फुलंच आली आहेत. दालचिनीचं पान चुरगळून वास घेतला. वाटाड्याने घटपर्णीचा वेल दाखवला, पानाच्या टोकाला झाकणाचं छोटं मडकं, त्यात किडे पडून मरतात आणि वेल त्यांच्यावर पोसतो. हे रानातल्या मोठ्या झाडांची उंची विचारत होते आणि मी स्वयंपाकघर शोधत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा पाऊण तास माझं यांच्या श्वासाकडे लक्ष नव्हतं, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

लक्ष गेलं ते यांच्या मोज्याकडे पाहिल्यावर. डाव्या पोटरीवर लाल डाग, हाताच्या तळव्याएवढा.

जळू

जळूची गंमत अशी की ती चावताना कळत नाही. चावता चावता ती जागा बधिर करते आणि रक्त गोठू नये असं द्रव्य सोडते. वाटेच्या कडेला पानांवर उभी राहून ती आपल्या पावलांची थरथर, अंगाची ऊब आणि श्वास यांचा अदमास घेत असते. पुढून जाणारा तिला जागं करतो आणि मागच्याला ती चावते, असं तिथे गमतीने म्हणतात. त्या दिवशी मोज्याच्या नाडीखालून एक आत शिरली होती.

मी ओढून काढायला वाकले तशी वाटाड्याने मला थांबवलं. ओढू नका, मीठ नको, काडी पेटवून चटका तर मुळीच नको. नख जळूच्या तोंडाजवळ कातडीला सपाट टेकवून बाजूला सारायचं की पकड सुटते. त्याने तसं केलं, तिला पानावर ठेवलं, जखम बाटलीतल्या पाण्याने आणि साबणाने धुतली आणि कापसाची घडी दाबून धरली. माझं रक्त असतं तर दहा-वीस मिनिटांत थांबलं असतं. यांचं थांबेना. कापूस बदलला, पुन्हा लाल. जखम मोहरीएवढी, पण माझ्या डोळ्यांसमोर इस्पितळाचा हिरवा पडदा उभा राहिला. यांचा चेहरा पांढरा पडला होता. जळवेने नाही, माझ्याकडे बघून.

आम्ही त्या वेळी नेमके फाट्याशी होतो. लाकूडवाट सरळ पुढे जाते आणि डावीकडून मौलावेल्ला नावाच्या शिखराची पायवाट सुटते. शिखर ७६० मीटरचं. आपल्या सिंहगडाच्या निम्म्याहून थोडं जास्त, पण वाट मुळांवरून आणि खडकांवरून, शेवटी चांगलीच उभी. वाटाड्या एकच, तेव्हा एकाने वर जायचं आणि एकाने बसायचं हा पर्याय नव्हता. जायचं तर दोघांनी, नाहीतर दोघांनी परतायचं.

अर्ध्या तासाने रक्त थांबलं. कापसावर पट्टी घट्ट बांधली. मग हे म्हणाले, "तू काय म्हणतेस?"

किती दिवसांनी यांनी मला हे विचारलं! आजारापासून मी ठरवायची आणि हे ऐकायचे, नाहीतर हे हट्ट करायचे आणि मी अडवायची. विचारणं असं राहिलंच नव्हतं. मी वाटाड्याला विचारलं. तो म्हणाला, "सरांना जमेल. पण हेमिन. वर पोचायचंच असं ठरवून जाऊ नका." मला ते पटलं. मी एकच अट घातली, डॉक्टरांचीच. बोलत चढायचं. बोलणं तुटलं की थांबायचं.

बोलत चढणं

सुरुवातीला काय बोलावं सुचेना. पस्तीस वर्षांचा संसार, पण सलग दीड तास बोलायचं म्हणजे विषय हवेत की नाही! सकाळच्या न्याहारीवर बोललो. मुलीच्या नव्या घरावर बोललो. शेजारच्यांच्या लिफ्टच्या भांडणावर बोललो. मुळं अशी आडवी-तिडवी पसरलेली की जिनाच म्हणायचा, फक्त प्रत्येक पायरी वेगळ्या उंचीची आणि ओली. हात कुठे टेकायचा हे आधी बघून घ्यावं लागे, कारण फांदीवर कधी कधी हिरवा चापडा बसलेला असतो आणि पानांच्या पाचोळ्यात नाकाड्या घोणसासारखा तपकिरी साप. आम्हाला त्या दिवशी एकच दिसला, वेलासारखा निवांत, आमच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

विषय संपले तेव्हा हे बोलू लागले ते इस्पितळाबद्दल. तिथे टेबलावर पडल्या पडल्या यांना मरणाची भीती वाटली नव्हती म्हणे. भीती वाटली ती वेगळीच. बँकेच्या लॉकरची किल्ली कुठे ठेवली आहे हे मला ठाऊक नाही, घराचे कागद कोणत्या पेटीत आहेत ते ठाऊक नाही, आणि ही बिचारी कुणाला विचारेल. "तेवढं एकच घोकत होतो," हे म्हणाले. "शुद्धीवर आल्यावर सांगायचं ठरवलं होतं. मग तू रोज गोळ्यांच्या डब्या घेऊन उभी. सांगायला वेळच झाला नाही."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. मी म्हटलं, "किल्ली देव्हाऱ्याच्या खणात, निरांजनाच्या खाली. कागद तुमच्या जुन्या हिरव्या पेटीत. मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे." हे थांबले. दम लागला म्हणून नव्हे. मग मीही माझं सांगितलं. त्या रात्री इस्पितळाच्या बाकावर बसून मी काय काय कबूल केलं होतं, कोणकोणत्या देवाला, आणि त्यातलं निम्मं अजून फेडायचं राहिलं आहे. वाटाड्या वीस पावलं पुढे उभा राहून आमची वाट बघत होता. मराठी त्याला कळत नव्हतं, पण त्याने या वेळी हेमिन म्हटलं नाही.

शेवटचा टप्पा अगदी उभा. दोन ठिकाणी चारही पायांवर, म्हणजे हात टेकून चढलो. पाच पावलं, एक वाक्य, थांबा, असा हिशेब. लोक दीड तासात चढतात तिथे आम्हाला अडीच तास लागले. वर एक उघडा कातळ आहे. पोचलो तेव्हा सगळं ढगात. दहा फुटांपलीकडे काही दिसेना. हे खडकावर बसले, मी यांची नाडी पाहिली, ती ठीक होती. डब्यातली केळी खाल्ली. वीस मिनिटांनी वारा आला आणि ढग खालून फाटत गेला. खाली फक्त झाडांचे माथे, हिरव्याचे नाना तऱ्हेचे गोळे, एकही छप्पर नाही, एकही तार नाही. मग पुन्हा ढग.

ओढ्याकाठी

खरी परीक्षा उतरताना होती, आणि ती माझी. चढाला छाती लागते, उताराला गुडघे. अर्ध्या वाटेवर माझा उजवा गुडघा कुरकुरू लागला. मग हे पुढे झाले. प्रत्येक उंच पायरीला वळून हात द्यायचे. "गोळी घेतलीस का?" यांनी विचारलं. दुखण्यावरची गोळी, बरं का! संधी मिळाली म्हणून सोडतील थोडेच.

तेवढ्यात पाऊस आला. त्या रानात पाऊस आधी ऐकू येतो. वरच्या पानांवर आवाज सुरू होतो आणि खाली पोचायला दोन-तीन मिनिटं लागतात. मग मात्र कोसळतो. सकाळी ज्या ओढ्यावरून आम्ही दगडांवर पाय ठेवून हसत आलो होतो, त्याचे दगड दिसेनासे झाले होते. पाणी चहाच्या रंगाचं, गुडघ्यापर्यंतचं असेल, पण वेग असा की हातातली काठी टेकवली तर हिसकून नेत होतं. मी म्हटलं, धरून जाऊ तिघं. वाटाड्याने मान हलवली. डोंगरातला ओढा जसा चटकन चढतो तसा चटकन उतरतो. थांबायचं. पाण्यात उतरायचं नाही. मग आम्ही एका मोठ्या झाडाच्या आधारमुळांच्या कोनाड्यात, प्लास्टिकचा कागद डोक्यावर धरून बसलो. भिजलेले, दमलेले, अंगावर एकूण सात जळवा काढून झालेल्या.

पाऊस ओसरला आणि समोरच्या झाडीत एकदम कलकलाट उठला. नारिंगी चोचीचे सातभाई, दहा-पंधरा तरी, पानं उलटीपालटी करत, एकमेकांना हाका मारत येत होते. त्यांच्या मागे-पुढे दुसरे पक्षी, मधल्या फांद्यांवर, शेंड्यांवर. सुतार होता, लाल पोटाचा कर्णा होता, आणि काही क्षण निळा-तांबूस लांब शेपटीचा एक पक्षी, श्रीलंकेखेरीज कुठेच न दिसणारी निळी मॅगपाय. सिंहराजात पक्षी असे वेगवेगळ्या जातींचे थवे करून एकत्र हिंडतात. एका थव्यात चाळीसेक पक्षी सहज असतात. शास्त्रज्ञ १९८० नंतरच्या दशकापासून इथे या थव्यांचा अभ्यास करत आहेत. सातभाई गोंगाट करत किडे उठवतात आणि इतरांना आयतं खाणं मिळतं. त्यांच्याबरोबर असतो एक काळा तुऱ्याचा पक्षी, आपल्या कोतवालाच्या जातीचा. तो उंच बसून नजर ठेवतो, ससाणा दिसला की ओरडतो, सगळे लपतात. आपल्याकडे त्याला कोतवाल म्हणतात ते उगीच नाही.

मी यांना म्हटलं, "बघा, तो पहारा करतोय." हे म्हणाले, "हो, पण मधून मधून तोही खातोय." खरंच, उठलेला किडा तो मधल्या मधे झेलत होता.

सव्वा तासाने दगड पुन्हा दिसू लागले. अंधार पडायच्या आत आम्ही कुडव्याला पोचलो.

गरम गरम

मुक्कामाच्या घरच्या बाईंनी आम्हाला पाहून आधी 'कोत्तमल्ली' आणून दिली. नाव मोठं, वस्तू ओळखीची. धने आणि सुंठ उकळून केलेला काढा. सर्दी-पडशावर तिकडे घरोघरी देतात. रात्री जेवायला लाल तांदळाचा भात, 'परिप्पू' म्हणजे नारळाच्या दुधातलं मसूर डाळीचं वरण, 'पोलोस' म्हणजे आपली कोवळ्या फणसाची भाजी, पण मसाल्यात काळपट होईस्तोवर शिजवलेली, आणि 'पोल सांबोल'. तो घरी सहज होतो, म्हणून सांगते. ओलं खोबरं, लाल मिरचीचं तिखट, बारीक कांदा आणि मीठ पाट्यावर ओबडधोबड वाटायचं आणि वर लिंबू पिळायचं. ते त्यात वाळवलेल्या माशाचा चुरा घालतात, नसला तरी चालतं. सकाळच्या न्याहारीला 'इडिआप्पा' होते, कोकणातले शिरवाळेच, फक्त गोड रसाऐवजी तिखट कालवणाबरोबर. शेवटी म्हशीच्या दुधाचं मडक्यातलं दही आणि त्यावर कितुलची काकवी. यांनी दोन वाट्या खाल्ल्या. मी मोजल्या नाहीत, यांनीच सांगितलं.

जाणार असाल तर

जानेवारी ते मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबर हे त्यातल्या त्यात बरे महिने. मे ते जुलै आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत पाऊस जोरात असतो. निघण्यापूर्वी रस्त्याची आणि वाटेची चौकशी करावी.

रात्रीचा मुक्काम कुडव्याजवळच करावा म्हणजे सकाळी लवकर निघता येतं. शिखर नको असेल तर लाकूडवाटेनेच जाऊन परत यावं. त्या सपाट वाटेवरही झाडं आणि पक्षी भरपूर दिसतात, आजी-आजोबांनाही झेपेल.

जळवांचे मोजे, साबणाची छोटी वडी, कापूस, चिकटपट्टी, प्लास्टिकचा मोठा कागद, एक काठी आणि कोरड्या कपड्यांचा जोड पिशवीत हवा. साडी नको, सलवार-कमीज किंवा पँट बरी, फिकट रंगाची, म्हणजे जळू दिसते. पाणी प्रत्येकी दोन लिटर.

रक्त पातळ करणारी औषधं, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

ओढा भरला असेल तर वाटाड्या म्हणेल तितका वेळ थांबावं. अंधाराआधी परतता येईल इतक्या लवकर निघालं की थांबण्याची भीती वाटत नाही. आणि दोघं जात असाल तर वेग हळू चालणाऱ्याचा धरावा. सकाळी जो हळू असेल तोच संध्याकाळीही असेल असं नाही.